विहिरीवरच्या मोटारीला फोन

पिंपळवंडीच्या सावळेरामने ज्याची तक्रार केली नाही, असं खातं अजून या देशात निघायचं आहे! एसटी उशिरा आली की तक्रार. बियाणं उगवलं नाही की तक्रार. बिस्किटाच्या पुड्यात एक बिस्किट मोडकं निघालं म्हणून त्याने थेट मुंबईला फोन लावला होता आणि समोरच्या माणसाने तीनदा माफी मागेपर्यंत ठेवला नव्हता. "ह्यांच्या पत्रिकेत राहू-केतू न्हाईतच," त्याची बायको प्रयागबाई म्हणायची, "बाराच्या बारा घरांत कस्टमर केअरवालं बसल्यात."

अशा माणसालाच नेमकं मेघमल्हार फार्महाऊस कंपनीने गाठलं. ही कंपनी मढच्या बाजूला डोंगराच्या उतारावर छोटे छोटे प्लॉट पाडून विकायची आणि दिवसभर लोकांना फोन करायची.

"नमस्कार सर! मी मेघमल्हारमधून समृद्धी बोलतेय. सर, शहराच्या धकाधकीतून दोन दिवस निसर्गाच्या कुशीत यायला आवडेल ना तुम्हाला?"

सावळेराम तेव्हा पाठीवर औषधाचा पंप घेऊन टोमॅटोत उभा होता. घाम डोळ्यात, हात औषधाचे, आणि फोन खांद्यावर मान वाकडी करून धरलेला.

"ताई, मी निसर्गाच्या कुशीतच हाय! आन त्या निसर्गानंच माझी पाठ मोडलीय!"

"अगदी बरोबर सर! म्हणूनच तुम्हाला विश्रांतीची गरज आहे!"

फोन ठेवला, तर संध्याकाळी धारेच्या वेळेला दुसरा. म्हैस बिचकली, चरवी लवंडली. दुसऱ्या दिवशी तो जेवायला बसला आणि पहिला घास उचलला तेव्हा तिसरा. पण कहर झाला तो शिनोलीला. सावळेरामच्या मावससासऱ्यांचा दहावा होता. पिंडाभोवती सगळे हात जोडून उभे. म्हातारा जिवंतपणी लई हट्टी होता, त्यामुळे कावळा तासभर झाडावरून हलेना. शेवटी कुणीतरी "टोमॅटोला भाव येईल, काळजी करू नका मामा," असं म्हणालं आणि कावळा खाली उतरला. दोन पावलं चालला, चोच पुढे केली, आणि सावळेरामच्या खिशात बँडबाजा वाजला! कावळा उडाला तो थेट डिंभे धरणाकडे. मग दर्भाचा कावळा करून वेळ मारून न्यावी लागली. मावससासूबाई पुढे सावळेरामशी बोलल्या नाहीत.

त्या दिवशी घरी येऊन, चहासुद्धा न घेता, सावळेराम अंगणात बाज ओढून बसला आणि त्याने कंपनीला फोन लावला. एक दाबा, चार दाबा, थांबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, सगळं झालं. शेवटी तक्रार विभागातला माणूस भेटला.

"सर, तुमचा नंबर आम्ही काढून टाकतो," तो म्हणाला. "पण सिस्टिममध्ये ती जागा रिकामी सोडता येत नाही. पर्यायी नंबर द्यावा लागेल."

"म्हंजी माझ्याजागी दुसरा बकरा द्यायचा?"

"तसं नाही सर. कुठलाही चालू असलेला नंबर चालेल."

सावळेरामच्या डोक्यात लख्ख उजेड पडला! त्याने मिशीवरून हात फिरवला आणि एक दहा आकडी नंबर सावकाश, कौतुकाने, एकेक आकडा सुटा करून सांगितला.

तो नंबर होता त्याच्या विहिरीवरच्या मोटारीचा.

आता मोटारीला नंबर कसा, हे ज्यांचं पाणी घरातल्या नळाला येतं त्यांना सांगायला हवं. विहीर असते शेताच्या टोकाला, मोटार तिथे, आणि शेतकरी घरी. बटण दाबायला प्रत्येक वेळी कोण जाणार? वाटेत ऊस, आणि उसात बिबट्याचं बाळंतपण! म्हणून हल्ली मोटारीच्या पेटीत एक डबा बसवतात आणि त्यात सिमकार्ड घालतात. घरून रिंग दिली की मोटार चालू. परत रिंग दिली की बंद. डबा फोन उचलत नाही, बोलत नाही, रिंग ऐकतो आणि फोन कापतो. सावळेरामचा डबा आळेफाट्याच्या वायरमन नौशादने बसवला होता, आणि सावळेरामची पक्की समजूत होती, की तो फक्त त्याच्याच फोनला ओळखतो.

"आता करा म्हणावं फोन!" तो प्रयागबाईला म्हणाला. "असं गिऱ्हाईक जोडून दिलंय, की जीभ झडंस्तवर बोलला तरी समोरनं हूं का चूं यायचं न्हाई!"

"आन मोटारीला काय झालं म्हंजी?"

"मोटारीला काय व्हतंय? ती काय दहाव्याला जातीय का?"

खरोखर, त्याचा फोन गप्प झाला. दोन दिवस तो गावभर ही युक्ती सांगत हिंडला. चहाच्या टपरीवर तर एकाने हे ऐकून त्याला नमस्कारच केला.

तिसऱ्या दिवशी सोमवार होता. सावळेराम ओसरीवर शेंगा फोडत बसला होता, तेवढ्यात त्याचा चुलत भाऊ जानकूदादा येऊन समोर उभा राहिला. मागे त्याची बायको झुंबरबाई, पदर कमरेला खोचलेला.

"सावळ्या, आज वार कोन्ता?"

"सोमवार, दादा."

"सोमवार कुनाचा?"

सावळेरामच्या हातातली शेंग तशीच राहिली. कारण ही विहीर सामाईक होती. दोन भावांच्या दोन मोटारी, एकच पाणी. याच पाण्यावरून दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. एवढी वर्षं एकाच बांधावरून जाताना एक पूर्वेकडे बघायचा आणि दुसरा पश्चिमेकडे. गेल्या वर्षी दादाच्या मुलीच्या लग्नात मांडवात पंचांनी दोघांना समोरासमोर बसवलं, एकमेकांच्या ताटात जिलबी वाढायला लावली आणि पाळ्या ठरवून दिल्या. सोम, बुध, शुक्र दादाचे. मंगळ, गुरू, शनि सावळेरामचे. रविवारी विहिरीला सुट्टी, म्हणजे झरे भरतील. आणि जो दुसऱ्याच्या वाराला मोटार चालू करील, त्याची मोटार पावसाळ्यापर्यंत विहिरीतून बाहेर! आता एप्रिल चालू होता, टोमॅटो झाडावर लिंबाएवढे झाले होते, आणि आठ दिवस पाणी तुटलं असतं तर खेळ खलास होता. पण त्याहून वाईट म्हणजे, दादा परत पश्चिमेकडे बघायला लागला असता. अकरा वर्षांत सावळेरामला सगळ्यात जास्त दादाचा अबोलाच सलला होता, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

"तुमचा वार, दादा," तो म्हणाला.

"मग मोटार कुनाची चालूय?"

"माझी? शक्यच न्हाई! माझा फोन तर हितं खुंटीवर..."

खुंटीवरचा फोन घेऊन तिघं विहिरीवर गेले. सावळेरामची मोटार भुकभुक करत पाणी ओढत होती! त्याने घाईघाईने फोन लावून बंद केली. सगळ्यांनी श्वास सोडला. आणि तेवढ्यात, कुणी बोट न लावता, ती पुन्हा चालू झाली! परत बंद केली. परत चालू.

"भावजी," झुंबरबाई म्हणाली, "तुमची मोटार लई गुणाची हाय. आमच्या वारालाच कामाला लागती."

"वयनी, आईशप्पत, मी काय केलं न्हाई!"

"सावळ्या," दादा शांतपणे म्हणाला, "गेल्या साली तुज्या हातनं जिलबी खाल्लीय मी. म्हनून आज काय बोलत न्हाई." आणि तो पश्चिमेकडे बघत निघून गेला.

त्याने नौशादला बोलावून घेतलं. नौशादने डबा उघडला, सिम काढलं आणि स्वतःच्या फोनमध्ये घातलं. ते घालून तो पाना शोधायला वाकला नाही, तोच फोन वाजला.

"नमस्कार सर! मी मेघमल्हारमधून समृद्धी बोलतेय!"

सावळेरामने फोन हिसकावून कापला.

"कुणी दिला ह्यांना ह्यो नंबर?" नौशादने विचारलं.

"ते... असतंय कुटंतरी," सावळेराम म्हणाला.

"सावळेरामभाऊ, ह्यो डबा कुनाच्याबी रिंगवर चालतो. आन त्यांचं मशीन बगा कसंय, फोन कापला की ते परत लावतंय. म्हंजी एकदा चालू, एकदा बंद, चालू, बंद. दिसभर तेच. दुसरं सिम घाला आन मोकळं व्हा."

सरळ, सोपा, पाच मिनिटांचा उपाय! प्रयागबाई म्हणाली, आत्ता घाला. पण सावळेराम सरळ मार्गाने गेला तर तो सावळेराम कसला?

"मी का बदलू?" तो गरजला. "चोर सोडून संन्याशाला सुळी? सिम हितंच राहील! कंपनीनं नंबर काढला पायजे!"

त्याने कंपनीला फोन लावला. या खेपेला तक्रार विभागातली बाई होती, आणि ती इतकी गोड बोलत होती की तिच्यावर ओरडताना सावळेरामचाच घसा कोरडा पडला.

"सर, तक्रार नोंदवलीय. खात्रीसाठी त्या नंबरवर एक कॉल जाईल."

"कॉल नको! कॉलचीच तर तक्रार हाय!"

"हो सर, पण कॉल नको आहेत याची खात्री आम्ही कॉल करूनच करतो."

बुधवारी खात्रीचा कॉल आला. मोटार चालू! दादाचा वार! घरून रिंग द्यावी तर मोटार त्या क्षणी चालू आहे की बंद ते कळेना, म्हणून सावळेराम धोतर सावरत धावला आणि बंद करून आला. तो घरी पोचतो न पोचतो, तोच 'आपली तक्रार नोंदवताना आलेला अनुभव कसा वाटला' हे विचारणारा कॉल आला. मोटार चालू! मग मशीनला उत्तर मिळालं नाही म्हणून पुन्हा तोच कॉल. मोटार बंद. मग कुणीतरी वरिष्ठ, उत्तर का मिळत नाही हे विचारायला. मोटार चालू! दुपारपर्यंत सावळेरामने घर ते विहीर एवढ्या फेऱ्या मारल्या, की वाटेवरची कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली.

गुरुवारी त्याने दुचाकीला किक मारली आणि थेट मढ गाठलं. रस्त्याकडेला रंगीत कमान, आत कापडी मंडप, खुर्च्या, आणि टाय बांधलेला एक मॅनेजर.

"तुमचा मालक कुटाय?" सावळेराम कमानीतूनच ओरडला. "माझ्या भावकीत आग लावलीत तुमी!"

मॅनेजरने त्याला खुर्ची दिली. थंड पाणी दिलं. वेलदोड्याचा चहा दिला. सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवून म्हणाला, "सर, फारच वाईट झालं. तुमचा त्रासाचा नंबर सांगा, मी स्वतः बघतो." सावळेरामने नंबर सांगितला. मॅनेजरने त्याच्या डोक्यावर कंपनीची टोपी घातली, डोंगराकडे तोंड करून उभा केला आणि फोटो काढला. सावळेराम जरा खूश होऊनच परतला. निघताना हात वर करून 'आता बघा' असं त्याने कमानीवरच्या चित्रातल्या मोरालासुद्धा सांगितलं.

पण झालं होतं असं, की जो माणूस स्वतः साइटवर येतो, चहा पितो आणि टोपी घालून फोटो काढून घेतो, त्याला ही कंपनी सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक समजते! शुक्रवारी मोटारीला नुसतं मढवरून नाही, तर पुणे, ठाणे आणि नाशिकच्या ऑफिसांतूनही फोन यायला लागले. मोटारीने तो दिवस असा काढला, जसा अंगात आलेला माणूस काढतो.

दादा आला तो या वेळी पंचांना घेऊनच. भगवंतआप्पा आणि आणखी दोघं. विहिरीवर बैठक बसली. प्रयागबाई बांधाला बसून डोळ्याला पदर लावत होती, नौशाद डब्यापाशी उभा होता. दादाच्या हातात दोर होता. मोटार बाहेर ओढायचा दोर.

"आप्पा, ऐका!" सावळेराम हात जोडून म्हणाला. "मोटार मी चालू केली न्हाई. कंपनीचा फोन येतो. ह्यो डबा कुनाच्याबी रिंगवर चालतो. बगा, दाखवतो!" त्याने नौशादचा फोन घेतला आणि मोटारीला रिंग दिली. मोटार चालू झाली. "पटलं?"

"पटलं!" झुंबरबाई टाळी वाजवून उठली. "म्हंजी दुसऱ्याच्या फोनवरनं आमचं पानी चोरायची सोय करून ठिवलीय म्हना की! म्हनून तर सवताचा फोन खुंटीला टांगत्यात!"

पंचांनी माना हलवल्या. माणूस जितका खरं बोलतो तितका जास्त फसतो, हे त्याला त्या विहिरीच्या कडेला कळलं.

"थांबा! माझा फोन आप्पांच्या हातात द्या. नौशादचा पन द्या. प्रयागीचा पन. आता सगळ्यांनी गप बसा. मोटार आपोआप चालू व्हती का न्हाई बगा. दर पाच मिन्टाला फोन येतोय, आता यील!"

मोटार बंद केली. सगळे फोन आप्पांच्या धोतराच्या ओच्यात जमा झाले. सगळे डब्याकडे टक लावून बसले.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. अर्धा तास गेला. एक बगळा आला, पेटीवर बसला आणि कंटाळून गेला. भगवंतआप्पांना डुलकी लागली.

"यील... यील आता," सावळेराम म्हणत होता. आठ दिवस ज्या फोनला त्याने शिव्या घातल्या, त्याची तो आता वाट बघत होता, जशी पोरीच्या बापाने पाहुण्यांची बघावी!

"बास झालं, सावळ्या," दादा उठला. दोर सोडवायला लागला. त्याचा आवाज रागाचा नव्हता, आणि सावळेरामला तेच जास्त लागलं.

"दादा, एकच फोन! एकच लावू द्या!" सावळेरामने आप्पांच्या ओच्यातून आपला फोन ओढला, स्पीकर चालू केला आणि कंपनीला लावला. एक दाबा, चार दाबा, थांबा.

"नमस्कार! मी समृद्धी बोलतेय!"

"समृद्धीताई! अगं कुटं हायस तू? फोन का करंना झालीस?"

"सर, आनंदाची बातमी आहे! तुमची तक्रार आज दुपारी मान्य झाली. खास बाब म्हणून पर्यायी नंबर न घेताच तुमचा नंबर कायमचा काढून टाकलाय. आता आमच्याकडून तुम्हाला कधीच फोन येणार नाही!"

सावळेरामच्या आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या कंपनीने त्याची तक्रार वेळेवर मिटवली होती!

"न्हाई न्हाई न्हाई!" तो किंचाळला. "तक्रार मागं घेतो मी! कर ना फोन, बाई! एकच कर!"

"सॉरी सर. ज्यांना प्लॉटमध्ये इंटरेस्ट आहे, त्यांनाच आम्ही कॉल करू शकतो."

सावळेरामने दादाकडे पाहिलं. दादाच्या हातातल्या दोराकडे पाहिलं. मग डोळे मिटून, भर बैठकीत, पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या घराण्याचा तो वारस मोठ्याने म्हणाला, "मला इंटरेस्ट हाय! लई इंटरेस्ट हाय! मला निसर्गाच्या कुशीत जायचंय!"

"ओह, वंडरफुल सर! मग कुठल्या नंबरवर करू?"

"त्योच! मी तक्रारीत पर्यायी म्हनून दिला व्हता बग, त्योच!"

"एक मिनिट सर, दुसऱ्या लाईनवरून लावते."

पेटीत टक्‌ झालं. आणि मोटार भुकभुक करत चालू झाली! प्रयागबाईने हात जोडले. नौशादने शिट्टी मारली. आप्पा दचकून जागे झाले आणि "कुनाचा वार?" असं विचारते झाले.

सावळेराम विजयी मुद्रेने वळला. पण दादा मोटारीकडे बघत नव्हता. तो सावळेरामकडे बघत होता.

"थांब जरा," दादा म्हणाला. "तू दिला व्हता? तक्रारीत? मोटारीचा नंबर? तू सवता?"

सावळेरामची मुद्रा उतरली. "ते... माझा फोन गप व्हावा म्हनून..."

दादाने दोर खाली टाकला. आधी त्याची मिशी हलली, मग खांदे, मग पोट, आणि मग तो विहिरीच्या काठाला धरून असा हसला, की झुंबरबाईने तो आत पडेल म्हणून त्याचा सदरा पकडला. "आप्पा," तो डोळे पुसत म्हणाला, "ह्यो चोर न्हाई. चोराला अक्कल लागती. मोटार राहू द्या आत."

सावळेरामने अपमान आणि आनंद एकदमच गिळला. अकरा वर्षांत दादा असा हसला नव्हता.

"पन," दादाने बोट वर केलं, "माझं आठवड्याचं पानी गेलं, त्येचा दंड हाय." आणि त्याने सावळेरामच्या हातातला फोन घेतला. "ताई, हाय का लाईनवर? मी जानकू बोलतोय, पिंपळवंडीवरनं. तुमी मलाबी रोज पाच फोन करता. पार कावलोय मी. तुमी आत्ता लावला त्यो नंबर खोडा, माझाबी काढा, आन त्याजागी पर्यायी म्हनून ह्यो घाला, ज्याच्यावरनं आता बोलतोय. तुमच्यासारक्या आनखी चार कंपन्या हायेत, त्यास्नीबी ह्योच देतो."

"दादा!"

"आन सावळ्या, उचलायचा. कापायचा न्हाई, तक्रार करायची न्हाई, शिवी द्यायची न्हाई. नायतर दोर हितंच हाय."

दुसऱ्या दिवशी शनिवार, म्हणजे सावळेरामचा वार. पाणी सरीतून झुळझुळत होतं, टोमॅटो टवटवीत होते, आणि पलीकडच्या बांधावर दादा बसला होता, तोंड सरळ याच्याकडे करून! तेवढ्यात खिशात बँडबाजा वाजला. सावळेरामने इकडेतिकडे पाहिलं, खोल श्वास घेतला आणि फोन कानाला लावला.

"हां, जानकूच बोलतोय. बोला ताई, कुटं हाय म्हनता तुमचा प्लॉट?"